कोमट बरणी

"काकू, नाडी लागत नाहीये."

सकाळचे सात वाजत होते. माझे हात कणकेत, फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला.

"कुणाची रे?"

"बादलीची! छत्तीस तास झाले. एक बुडबुडा नाही. मी कान लावून बसलोय."

"बायको उठली का तुझी?"

"नाही. का?"

"मग कान काढ तिथून. उठून हे बघितलं तिने तर माहेरी जाईल."

सौमित्र पेंढारकर एरवी अशा बोलण्यावर खदखदून हसायचा. त्या मंगळवारी हसला नाही. त्याच्या बादलीत वीस लिटर वर्ट होतं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं आणि गव्हाचं उकळून गाळलेलं गोड पाणी. रविवारी संध्याकाळी त्याने त्यात यीस्ट ओतलं होतं. यीस्ट कामाला लागलं की झाकणावरच्या पाण्याच्या नळीतून बुडबुडे निघतात, डुब्ब, डुब्ब, आणि गोड पाण्याची बिअर व्हायला लागते. बारा-पंधरा तासांत आवाज सुरू होतो. नाही झाला तर ते गोड पाणी म्हणजे वाटेल त्या जंतूंना मोकळं अंगण. पहिला जो घुसेल, त्याचं.

"मेलं असेल का हो काकू?"

"काही मरत नाही. थंडी आहे. थांब जरा."

"झाकण उघडून बघू?"

"अजिबात नाही. हात लावू नकोस. थांब."

फोन ठेवला, हात धुतले आणि वही काढली. बिअर करायला लागल्यापासून मी वही ठेवते. डाव्या पानावर बिअर: तारीख, तापमान, किती तासांनी पहिला बुडबुडा. उजव्या पानावर माणसं: त्या दिवशी कोण काय बोललं. सवय कारखान्यातली. पाव फुगवायचं यीस्ट करणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. तपासण्या मी करायची, रिपोर्टवर सही साहेबांची. वही मात्र माझी होती.

उजव्या पानावर लिहिलं: 'सौमित्र. ३६ तास. आवाज बारीक.' खाली एक रेघ ओढली. सरळ आली. मग पोळ्या केल्या, आणि त्या दिवशीच्या पोळ्या फार छान फुगल्या.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. पुण्यात घरी बिअर करणाऱ्यांचं आमचं नऊ जणांचं मंडळ होतं. आठ पुरुष, सगळे तिशी-पस्तिशीचे, कॉम्प्युटरवाले. आणि सत्तावन्न वर्षांची मी, मंदाकिनी शिराळकर. आमचे हे थेंबाला शिवत नाहीत. शेजाऱ्यांना मी आसव करते म्हणून सांगायची.

मंडळात यीस्ट माझ्याकडून जायचं. बाहेरून पाकीट मागवलं की यायला आठ-दहा दिवस लागायचे, म्हणून एका पाकिटातलं मी वाढवायची आणि बरण्यांत भरून फ्रिजमध्ये जपायची. पोरं विरजण मागायला यावं तशी यायची. आमच्याकडे विरजणाला नाही म्हणायची पद्धत नाही. माझी आई भांडण झालेल्या शेजारणीलाही द्यायची, फक्त तोंड फिरवून. आणि बरणी रिकामी परत करायची नाही, हीही पद्धत. पोरांनी ती आनंदाने उचलली. कुणी बरणीत शेंगदाणे घालून आणायचं, कुणी कढीपत्ता. सौमित्रने एकदा डाळिंबाचे दाणे सोलून आणले होते. तेही वहीत आहेत. चांगलंही लिहिते मी.

तो माझा पहिला शिष्य. थर्मामीटर कुठे धरायचा इथपासून माझ्या ओट्यावर शिकलेला. म्हणून तर नोव्हेंबरातलं ते मला जास्त लागलं.

नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, त्याच्या कर्वेनगरच्या गच्चीवर मंडळ जमलं होतं. मी गव्हाची बिअर केली होती. बारा बाटल्या स्कूटरवरून कशा नेणार, म्हणून तो सकाळीच त्या गाडीतून घेऊन गेला. संध्याकाळी मी चकल्यांचा डबा घेऊन निघाले, तर स्कूटर रुसली. वीस मिनिटं उशीर. गच्चीचा जिना चढत होते तेव्हा वरून एक अनोळखी आवाज आला.

"अरे, ही कुणी केली? ही बिअर आहे राव! बाकीच्यांनी काढे केलेत."

आणि सौमित्रचा आवाज. "ही ना... ही माझी."

मी शेवटच्या पायरीवर होते. आवाज बाणेरच्या जगताप साहेबांचा होता. त्यांच्या जमिनीवर त्यांनी नवीन पब काढला होता, तिथेच बिअर तयार करून विकणारा, आणि पोरांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. त्यांच्या हातात माझा ग्लास. सौमित्रने मला बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. मला वाटलं, आता बोलेल.

तो बोलला. "या आमच्या शिराळकर काकू. चकल्या यांच्याच!"

सगळे हसले. जगताप साहेबांनी दोन चकल्या उचलल्या. "वा काकू, खुसखुशीत!"

मीही हसले, डबा फिरवला आणि घरी आले. त्या आठवड्यात माझी यीस्टची बरणी सौमित्रने परत पाठवली. धुऊन, पुसून. रिकामी. पहिल्यांदाच.

वहीत लिहिलं: 'बरणी रिकामी.' एवढंच.

त्याच गच्चीवर जगताप साहेबांनी स्पर्धा जाहीर केली होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, गव्हाची बिअर, नऊ जणांचे नऊ ग्लास, नुसते आकडे लावलेले. जी जिंकेल ती बिअर त्यांच्या पबमध्ये मोठ्या टाकीत तयार होणार आणि उन्हाळाभर दारातल्या काळ्या फळ्यावर करणाऱ्याचं नाव. मला ते नाव हवं होतं. माझं नाव छापून आलं ते एकदाच, लग्नपत्रिकेत, आणि तेही लगेच बदललं.

जानेवारीत सौमित्रचा फोन आला. "काकू, रविवारी उकळतोय. यीस्ट द्याल ना? सहाला येतो." असा गोड, जसं काही झालंच नव्हतं.

"ये की," मी म्हटलं. "विरजणाला नाही म्हणायची पद्धत नाही आपल्यात."

त्या रविवारी दुपारी साडेचारला मी एक बरणी फ्रिजमधून काढली, पातेल्यात गरम पाणी घेतलं आणि बरणी त्यात उभी केली. आतलं तापमान पन्नास अंश. घड्याळ लावून बसले. सव्वीस वर्षं यीस्ट जगवण्यात गेली. कशाने जगतं हे ज्याला कळतं, त्याला उलटंही कळतं. सगळं मारायचं नव्हतं मला. सगळं मेलं तर त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं आणि त्याने कुठून तरी नवं आणलं असतं. अर्धमेलं असलं की माणूस वाट बघत बसतो. तेवढ्यात गोड पाणी आंबतं.

आमचे हे चहा मागायला आत आले. "मंदा, दूध तापवतेयस का?"

"हो."

"बरणीत?"

"तुम्ही बाहेर बसा."

दहापैकी नऊ जीव गेले असतील. बरणी उचलली, पुसली, आता तासभर फ्रिजमध्ये ठेवावी म्हणून दार उघडलं, आणि बेल वाजली. पाच वाजले होते. सौमित्र.

ह्यांनी दार उघडलं आणि तो थेट स्वयंपाकघरात आला. "लवकर आलो काकू! वर्ट गार झालं पण."

बरणी माझ्या हातातच होती. त्याने घेतली. "अरे वा, बाहेर काढूनच ठेवलीत?"

"खोलीच्या तापमानाला आणावं लागतं रे. विसरलास का शिकवलेलं?"

ते खरंच तसं करतात. खोटं बोलायचं तर त्यात निम्मं खरं असावं, म्हणजे ते उभं राहतं. त्याने बरणी जॅकेटच्या आत घातली, चेन वर ओढली आणि "थँक्यू काकू" म्हणत जिना उतरला. मी वरून म्हटलं, "बरणी परत आण हो!" रिकामी आणू नकोस, हे नेहमीचं वाक्य त्या दिवशी म्हटलं नाही.

मंगळवारच्या फोनचं सांगितलंच. बुधवारी सकाळी पुन्हा. आता साठ तास झाले होते.

"काकू, प्लीज, अजून थोडं यीस्ट आहे का? अर्धी बरणी? आत्ता ओतलं तर वाचेल."

बरोबर बोलत होता. ताजं यीस्ट ओतलं असतं तर वाचलं असतं. मी फ्रिजसमोरच उभी होते. दार उघडं, आत तीन बरण्या, तळाशी पांढराशुभ्र थर, वर स्वच्छ पाणी. माझी स्वतःची बादली कोपऱ्यात डुब्ब डुब्ब करत होती, अकराव्या तासापासून, घड्याळासारखी.

"नाही रे," मी म्हटलं. "संपलं."

"बरं. मग काय करू?"

"काय करणार? थांब."

माझी आई असती तर तिने माझ्या हातावर पळी मारली असती. तेही लिहिलं. स्वतःचंही उजव्या पानावर लिहिते मी, अक्षर जरा लहान काढते.

गुरुवारी सकाळी फोन आला तो ओरडतच. "सुरू झालं! काकू, पहाटे सुरू झालं! आणि काय उसळतंय! नळीतून फेस बाहेर, भिंतीपर्यंत! सगळ्या घरात केळ्याचा वास!"

"केळ्याचा?"

"शिकरण केल्यासारखा!"

"छान," मी म्हटलं. मनात म्हटलं, ऐंशी तास नुसतं पडलेलं आहे, आज केळं लागतंय, महिन्याने व्हिनेगर लागेल. तेव्हा बोलू.

फेब्रुवारीतला तो रविवार आला. जगताप साहेबांच्या पबमध्ये लांब टेबलावर नऊ ग्लास, समोर एक ते नऊ आकडे. कुणाचा कुठला ते फक्त साहेबांच्या खिशातल्या कागदावर. मतं आम्ही नऊ जणांनीच द्यायची, एकेकाने एक, स्वतःच्या ग्लासाला सोडून. स्वतःचा ग्लास ज्याला ओळखता येत नाही त्याने बिअर करू नये, असं साहेब म्हणाले. मी दोन नंबरला ओठ लावताच ओळखला. स्वच्छ, नेटका, लवंगेचा हलका वास. सावत्र सासूलाही नाव ठेवता येणार नाही असा.

तीन नंबर आंबट होता. जीभ आखडली. मी सौमित्रकडे बघितलं आणि अगदी मायेने हसले. तोही हसला.

मग सहा नंबर.

काय सांगू. नाकाजवळ नेला तोच पिकलेल्या केळ्याचा दरवळ, मग मागून लवंग, मग गव्हाचा दाटपणा, आणि शेवटी काहीतरी असं की पुन्हा घोट घ्यावा. माझ्या लॅबच्या सव्वीस वर्षांत असा वास मला दोनदा आला असेल. मी इकडेतिकडे बघितलं. एवढी कुणाची? मंडळातला देशपांड्यांचा पोरगा जर्मनीला जाऊन आला होता, त्याचीच असणार. द्यावं का मत? आता जीभ एवढी वर्षं प्रामाणिक राहिलेली, तिला एका संध्याकाळसाठी कशाला बिघडवायची? चिठ्ठीवर सहा लिहिलं. घडी घातली. टाकली.

साहेबांनी चिठ्ठ्या उघडल्या. दोन नंबरला तीन मतं. सात नंबरला दोन. सहा नंबरला चार.

"सहा नंबर," साहेबांनी खिशातला कागद काढला, चष्मा लावला. "सौमित्र पेंढारकर!"

चार आणि तीन. त्यातलं एक माझं. दुसऱ्या कुणालाही दिलं असतं तर बरोबरी झाली असती.

टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याला उचलायला गेलं. तो उभा राहिला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"एक मिनिट. साहेब, नोव्हेंबरात माझ्या गच्चीवर तुम्ही जी बिअर प्यालात ना, ती माझी नव्हती. शिराळकर काकूंची होती. मी खोटं बोललो. काकू जिन्यातच होत्या, त्यांनी ऐकलं. तरी त्यांनी मला या वेळी यीस्ट दिलं." माझ्याकडे बघितलं. "जसं काकूंनी दिलं, तसं कुणीच दिलं नसतं. आणि दोन दिवस फोनवर म्हणत होत्या, हात लावू नकोस, थांब. फळ्यावर नाव दोघांचं लिहा. आधी त्यांचं."

सगळ्यांची टाळी माझ्याकडे वळली. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. जगताप साहेब टेबलाला वळसा घालून आले आणि माझे दोन्ही हात धरले.

"काकू, आता गुपित सांगा. मोठ्या टाकीत हीच चव यायला पाहिजे. यीस्ट किती घातलं?"

मी सौमित्रकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, अगदी शिष्यासारखा, हाताची घडी घालून. त्या वेळी मला कळलं की त्याला कळलंय.

"नेहमीच्या यीस्टचा दहावा हिस्सा," मी म्हटलं. "यीस्ट थोडं असलं की त्याला आधी स्वतःची पिलावळ वाढवावी लागते. त्या धावपळीत केळ्याचा वास जास्त सुटतो. गव्हाच्या बिअरला तोच हवा असतो."

"म्हणजे मुद्दाम कमी?"

"मुद्दाम," सौमित्र म्हणाला. "काकूंनी अगदी मोजून केलं होतं."

हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. पुस्तकात आहे. सूड उगवताना पुस्तक कोण उघडतं?

निघताना तो माझ्या स्कूटरपाशी आला. हातात कापडी पिशवी. "ही तुमची बरणी."

मी घेतली नाही. "कधी कळलं?"

"बरणी कोमट होती, काकू."

"खोलीच्या तापमानाला आणली होती."

"जानेवारीत? तुमच्या स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर एकोणीस दिसत होतं. मी तेव्हा विचारच केला नाही. जॅकेटात धरली होती ना, कर्वेनगरपर्यंत छातीला ऊब लागत होती. मला वाटलं, काकूंची माया."

मला हसू आलं. दाबलं.

"मग बुधवारी तुम्ही म्हणालात, संपलं. संध्याकाळी तुमच्या कोपऱ्यावर भाजी घेताना काका भेटले. म्हणाले, फ्रिजमध्ये दह्याला जागा नाही, नुसत्या तुमच्या काकूंच्या बरण्या."

आमचे हे. थेंबाला शिवत नाहीत, पण बोलतात पिऊन आल्यासारखे.

"मग वर येऊन भांडायचं होतंस."

"आलो होतो. दोन मजले चढलो. म्हटलं, आता काकूंना दाखवतो. मग वाटलं, नोव्हेंबरात त्या शेवटच्या पायरीवर होत्या. त्या भांडल्या का?" त्याने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "उतरलो खाली. घरी जाऊन बादलीपाशी बसलो. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतंच. फिटलं म्हणा आता."

"फिटलं? जिंकलास तू!"

"फळ्यावर नाव तुमचं आहे. आणि आधी आहे."

"ते तू लावलंस."

"हो," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याच्या तोंडावर माझ्यासारखं हसू आलं. "माझ्या हातून मिळालेलं तुम्हाला आवडणार नाही हे माहीत होतं. म्हणून तर एवढ्या मोठ्यांदा सांगितलं."

शिष्य चांगला होता. मी शिकवलेलं काहीही विसरला नव्हता.

मी पिशवी घेतली. बरणी जड लागली. झाकण फिरवलं. आत चकल्या. म्हणजे एके काळी चकल्या असाव्यात. वरची एक धड, बाकी सगळा चुरा, काटे वेगळे, वेढे वेगळे.

"कुणी केल्या?"

"मी. तीन वेळा केल्या. बायको म्हणाली, विकत आण. म्हटलं, नाही, या बरणीत विकतची चालणार नाही." कान लाल झाले त्याचे. "तुटतात हो. सोऱ्यातून काढतानाच तुटतात. का तुटत असतील?"

मी त्या एकुलत्या एक धड चकलीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. जिभेवर ठेवताच कळलं काय चुकलंय ते. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. स्कूटरवर बसले, बरणी पायांमध्ये ठेवली, किल्ली फिरवली. त्या दिवशी लगेच सुरू झाली.

"सांगा ना काकू!"

"सांगते," मी म्हटलं. "थांब जरा."

उन्हाळाभर फळ्यावर नाव होतं. मी दोनदा जाऊन वाचून आले. आता सौमित्रचे केस पिकायला लागलेत, त्याची मुलगी माझ्याकडे थर्मामीटर धरायला शिकते. दर दिवाळीला माझी बरणी येते, चुऱ्याने भरलेली, आणि पाठोपाठ त्याचा फोन.

"काकू, या वर्षी तरी सांगा."

अकरा वर्षं झाली. मी म्हणते, थांब.